एडिट करा बिनधास्त, पण फोटो तुमचाच राहू द्या!

लॅण्डस्केप फोटोग्राफीचं वेड लागलं की लगेच प्रश्न पडतो, एडिटिंगला सॉफ्टवेअर कोणतं? पण सॉफ्टवेअरची यादी बघण्याआधी स्वतःला दोन वेगळेच प्रश्न विचारायला हवेत!

‘कॅमेरा घेतला रे! आता एडिटिंगला कोणतं सॉफ्टवेअर टाकू?’

दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या ट्रेकिंग ग्रुपवर हा मेसेज येतोच. आणि पाच मिनिटांत धडाधड उत्तरं. कुणी म्हणतं, लाइटरूम घे, दुसरं काही बघूच नको. कुणी म्हणतं, मोबाइलवर स्नॅपसीड आहे की, कशाला डोक्याला ताप? आणि एक जण हमखास असतो, जो पर्सनलवर मेसेज टाकतो, ‘पैसे नको घालवू, माझ्याकडे क्रॅक आहे, लिंक पाठवतो.’

तुमच्याही ग्रुपवर हेच होतं ना? यातली बहुतेक उत्तरं एकाच गोष्टीबद्दल असतात. त्या सॉफ्टवेअरमध्ये काय काय करता येतं! आकाश बदलता येतं, धुकं घालवता येतं, एका क्लिकवर हिरवं रान आणखी हिरवंगार करता येतं.

माझं म्हणणं जरा उलटं आहे. सॉफ्टवेअर निवडताना पहिला प्रश्न असा विचारा, की हे सॉफ्टवेअर उद्या सोडावं लागलं तर माझ्या हातात काय उरेल? आणि दुसरा, एडिट संपल्यावर फोटोत मी डोळ्यांनी पाहिलेलं किती उरेल? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की ब्रँडचं नाव आपोआप ठरतं. निदान खिशाला न परवडणारी नावं तरी गळून पडतात.

दुकानं बंद होतात!

पिकासा आठवतंय? आपण शाळेत होतो तेव्हा घरातल्या कम्प्युटरवर ते असायचंच. बारसं, लग्न, शिर्डीची ट्रिप, सगळे फोटो त्यात. गुगलनं ते २००४ मध्ये विकत घेतलं आणि २०१६ मध्ये बंद केलं. अ‍ॅपलचं अ‍ॅपर्चर २००५ मध्ये आलं, खास फोटोग्राफर लोकांसाठी. २०१४ मध्ये कंपनीनं जाहीर केलं, आता पुढे काम थांबवतोय. निक कलेक्शन नावाचे फिल्टर लॅण्डस्केपवाल्यांचे भयंकर लाडके. निक कंपनी गुगलनं २०१२ मध्ये घेतली, २०१६ मध्ये ते फिल्टर फुकट करून टाकले, २०१७ मध्ये सांगितलं की आता अपडेट येणार नाहीत. त्याच वर्षी डीएक्सओ नावाच्या कंपनीनं ते घेतले आणि पुन्हा पैसे देऊन विकायला सुरुवात झाली.

आणि लाइटरूम? २००७ मध्ये आलं तेव्हा ते एकदा पैसे भरून विकत घेता यायचं. २०१५ मध्ये आलेलं लाइटरूम ६ हे तसं विकत मिळणारं शेवटचं. आता दर महिन्याची किंवा वर्षाची वर्गणी भरायची.

यात कुणी खलनायक नाही. कंपन्या धंदा करतात, त्यांना परवडेल ते चालवतात, नाही परवडलं की शटर ओढतात. आपण मात्र तीन-चार वर्षांचं काम त्या दुकानात ठेवून बसलेलो असतो. लाइटरूम क्लासिकची वर्गणी थांबवली तर तुमचे फोटो जात नाहीत, ते तुमच्याच हार्डडिस्कवर असतात. कॅटलॉग उघडतो, फोटो एक्स्पोर्टही करता येतात. पण डेव्हलप हा मुख्य भाग बंद होतो. म्हणजे फोटो तुमचा, मेहनत तुमची, पण त्या मेहनतीवर पुन्हा हात फिरवायचा तर आधी वर्गणी भरा!

नोकरी लागेपर्यंत घरून येणाऱ्या पैशांवर जगणाऱ्या माणसानं हे आधीच समजून घेतलेलं बरं.

एडिट राहतं कुठे?

आता थोडं तांत्रिक, पण घाबरू नका.

कॅमेऱ्यात फोटो दोन प्रकारे साठवता येतो. जेपेग म्हणजे कॅमेऱ्यानं स्वतःच शिजवून वाढलेलं ताट. त्यात प्रत्येक रंगाच्या २५६ छटा असतात. रॉ म्हणजे बाजारातून आणलेला कच्चा माल. १२ बिटच्या रॉ फाइलमध्ये ४,०९६ छटा, १४ बिटच्या फाइलमध्ये १६,३८४. पावसाळी आभाळातला राखाडी आणि त्याहून किंचित गडद राखाडी यातला फरक त्या जास्तीच्या छटांमध्ये टिकतो. जेपेगमध्ये आभाळ ओढाताण करून गडद करायला गेलात, की त्यात पट्टे दिसायला लागतात.

रॉ फाइल एडिट करताना सॉफ्टवेअर मूळ फाइलला हात लावत नाही. ते फक्त कृती लिहून ठेवतं. उजेड इतका वाढवला, सावल्या इतक्या उचलल्या, इथून कापलं. लाइटरूम क्लासिक ही कृती आपल्या कॅटलॉगमध्ये ठेवतं. डार्कटेबल आणि रॉथेरपी फोटोशेजारीच एक छोटी वेगळी फाइल करून त्यात लिहितात. गोची अशी, की एकाची कृती दुसऱ्याला नीट वाचता येत नाही. प्रत्येकाचं गणित वेगळं.

म्हणून सॉफ्टवेअर कुठलंही वापरा, तीन गोष्टी स्वतःकडे ठेवा. मूळ रॉ फाइल, कृतीची फाइल किंवा कॅटलॉग, आणि झालेल्या फोटोची पूर्ण आकाराची प्रत. इन्स्टासाठी बारीक केलेली नव्हे, पूर्ण! मग उद्या दुकान बंद झालं तरी तुमचा माल तुमच्या घरात. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची एक रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची. एका ट्रेकचे २०० फोटो म्हणजे पाच-सहा जीबी. तेव्हा सॉफ्टवेअरवर पैसे घालण्याआधी एक बाहेरची हार्डडिस्क घ्या. हा सल्ला बोअर आहे, मान्य. पण लॅपटॉप बसल्यावर तोच आठवतो.

लॅण्डस्केपला लागतं तरी काय?

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा घ्या. पावसाळ्यातली सकाळ. वर पांढरंफेक आभाळ, खाली काळपट दरी, मध्ये सरकणारं धुकं. असा फोटो काढताना आभाळ जळणार नाही एवढाच उजेड घ्यायचा, कारण पूर्ण पांढरं झालेलं आभाळ कुठल्याही सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही. दरी मग काळी येते. येऊ दे. रॉमध्ये ती उचलता येते.

मग घरी येऊन करायचं काय? क्षितिज सरळ करायचं. पांढऱ्या रंगाचा तोल बघायचा, कारण ढगाळ उजेडात कॅमेरा कधीकधी सगळं निळसर करून ठेवतो. सावल्या उचलायच्या, उजळ भाग आवरायचा. वरच्या अर्ध्या भागावर ग्रॅज्युएटेड फिल्टर टाकून आभाळ थोडं दाबायचं. लेन्सनं कोपऱ्यात केलेला अंधार आणि वाकडेपणा काढायचा. कमी उजेडात आलेला दाणेदारपणा थोडा कमी करायचा. संपलं!

ही कामं करणारी फुकट आणि रीतसर सॉफ्टवेअर भरपूर आहेत. डार्कटेबल २००९ पासून आहे, रॉथेरपी २०१० मध्ये ओपन सोर्स झालं. दोन्ही विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतात. फोटोतली नको असलेली वायर पुसायची, दोन थर जोडायचे, तर १९९६ पासूनचं गिंप आहे. ओपन सोर्स असल्यामुळे यांचा कोड कुणा एका कंपनीच्या तिजोरीत नाही. उद्या मूळ लोक थकले, तर दुसऱ्या कुणाला ते पुढे नेता येतं.

शिवाय एक गोष्ट अनेकांना माहीतच नसते. कॅमेरा कंपनी स्वतः रॉ एडिटर फुकट देते! कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, सोनीचं इमेजिंग एज. कॅमेऱ्याचे पैसे भरलेत ना, मग ते तुमच्या हक्काचं आहे. दिसायला जुनाट वाटेल, पण रंग अगदी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दिसले तसे येतात.

आणि कॅमेराच नाही, फोनच आहे? मग फोनच्या कॅमेऱ्यात रॉचा पर्याय आहे का ते सेटिंगमध्ये जाऊन बघा. असेल तर ती डीएनजी फाइल स्नॅपसीडमध्ये फुकट उघडते. लाइटरूमचंही मोबाइलवर फुकट अ‍ॅप आहे, त्यातल्या काही टूल्सनाच पैसे पडतात.

आता खरं तेही सांगायला हवं. डार्कटेबल पहिल्यांदा उघडलं की घाबरायला होतं. एवढी मॉड्यूल्स, एवढे स्लायडर! शिकायला वेळ लागतो. जुन्या लॅपटॉपवर ते दमतं. अगदी नव्या कॅमेऱ्याची रॉ फाइल ओळखायला कधीकधी काही महिने थांबावं लागतं. पण त्यातली रोजच्या वापरातली सात-आठच मॉड्यूल्स निवडून बाकीची लपवून टाकता येतात. एक पावसाळा त्याला दिलात तर हात बसतो.

क्रॅक म्हणजे फुकट नव्हे

पर्सनलवर आलेल्या त्या लिंकचं काय? मी मास कॉम शिकले, त्यामुळे ही लिंक आजूबाजूला भरपूर फिरताना पाहिलीय. ‘आपण कुठे त्यातून कमावतोय, शिकण्यापुरतं चालतं,’ असं म्हणतात सगळे.

क्रॅक टाकताना पहिली सूचना काय असते, आठवा. अँटिव्हायरस बंद करा! म्हणजे अनोळखी माणसानं बनवलेली फाइल घरात घ्यायची आणि घेताना वॉचमनला सुट्टी द्यायची. त्याच लॅपटॉपवर तुमचं नेट बँकिंग, आधारची कॉपी, शेवटच्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट. वर अपडेट नाहीत, त्यामुळे नवा कॅमेरा घेतला की रॉ उघडत नाही.

पण माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. आपला फोटो एखाद्या पेजनं नाव न देता उचलला की आपण काय करतो? स्टोरी टाकतो, टॅग करतो, मित्रांना रिपोर्ट करायला लावतो. ‘रात्री दोनला उठून चढलोय, मेहनत आहे यार!’ बरोबरच आहे. मग सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याची मेहनत कुठे गेली? परवडत नसताना दुसरा रस्ताच नसता तर हा वाद जरा अवघड झाला असता. पण रीतसर फुकटचा रस्ता समोर असताना क्रॅकला काहीच सबब उरत नाही.

आभाळ बदलायचं बटण

आता दुसरा प्रश्न. फोटोत आपण पाहिलेलं किती उरतं?

२०१९ मध्ये ल्युमिनार नावाच्या सॉफ्टवेअरनं एआय वापरून एका क्लिकवर आभाळ बदलायची सोय आणली. पुढच्याच वर्षी फोटोशॉपनंही ती दिली. आता मोबाइल अ‍ॅपमध्येही ती सहज सापडते. ढगाळ राजगडावर गुलाबी संध्याकाळ, सेकंदाचं काम.

एडिट म्हणजेच खोटेपणा, असं मला अजिबात म्हणायचं नाही. १८५० च्या दशकात फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रे समुद्राचे फोटो काढायचा, तेव्हाच्या निगेटिव्हवर आभाळ आणि पाणी दोन्ही एकदम नीट उमटत नसे. म्हणून तो दोन निगेटिव्ह जोडून एक फोटो छापायचा. अमेरिकेतला अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, ज्याचं नाव प्रत्येक लॅण्डस्केपवाला घेतो, त्यानं १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोत काढलेला चंद्रोदयाचा फोटो पुढची अनेक वर्षं पुन्हा पुन्हा छापला आणि त्यातलं आभाळ गडद गडद करत नेलं. डार्करूममधला तो एडिटच होता. पण चंद्र त्या संध्याकाळी तिथेच होता!

फरक इथे आहे. असलेलं नीट दाखवणं वेगळं आणि नसलेलं आणून बसवणं वेगळं. ‘नॅशनल जिओग्राफिक’नं फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठासाठी गिझाचे पिरॅमिड कम्प्युटरवर एकमेकांजवळ सरकवले होते, उभ्या पानात बसावेत म्हणून. त्यावर झालेली टीका आजही पत्रकारितेच्या वर्गात शिकवतात. २०१२ मध्ये ब्रिटनच्या ‘लॅण्डस्केप फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत पहिला आलेला फोटो नंतर बाद झाला, कारण त्यात ढग वेगळे आणून टाकले होते. नियमात ते बसत नव्हतं. आजही काही मोठ्या स्पर्धा अंतिम फेरीत मूळ रॉ फाइल मागतात. रॉ जपून ठेवायचं हे आणखी एक कारण.

‘पण मी तर इन्स्टावर टाकतोय, कुठे स्पर्धेला पाठवतोय?’ असं म्हणाल. मग कासचं उदाहरण घ्या. साताऱ्याजवळचं हे पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथली फुलं खरी सुंदर, पण बहुतेक इवलीशी. सीतेची आसवं बघायची तर चक्क गुडघ्यावर बसावं लागतं. फोटोत मात्र जांभळा रंग वाढवून वाढवून अख्खं पठार गालिचासारखं करतात. तो बघून माणूस दोनशे किलोमीटर गाडी हाणत येतो आणि म्हणतो, ‘एवढंच?’ मग तसा गालिचा शोधत, तशी फ्रेम मिळवायला वाट सोडून आत शिरतो. पाय कुठे पडतात, हे सांगायला नको.

धुक्याचंही तेच. ‘डीहेज’ नावाचा स्लायडर आहे, तो ओढला की धुकं गायब. पण सह्याद्रीत पावसाळ्यात जवळचा डोंगर गडद, मागचा फिका, त्यामागचा आणखी फिका दिसतो, तो त्या धुक्यामुळेच. त्यातूनच फोटोत अंतर कळतं. धुकं काढलंत की सगळे डोंगर एकाच भिंतीला टेकवल्यासारखे उभे राहतात. ज्या धुक्यासाठी पहाटे उठून चढलो, तेच पुसायचं?

मग पैसे कधी भरायचे?

भरा की! फोटोतून कमाई सुरू झाली, एका लग्नाचे दोन-तीन हजार फोटो आठवड्यात द्यायचेत, किंवा जिथे काम करता तिथे सगळे लाइटरूमवरच काम करतात, तर वर्गणी वसूल होते. पैसेवाल्या सॉफ्टवेअरमध्ये आभाळ, माणूस, झाडं आपोआप निवडण्याची सोय चांगली असते, वेळ वाचतो. ज्याला वेळेचे पैसे मिळतात त्यानं ती घ्यावीच. शिकणाऱ्यानं मात्र पहिलं वर्ष तेच पैसे एसटीच्या तिकिटाला ठेवावेत. त्याच जागी चौथ्यांदा गेल्यावर जे आभाळ मिळतं, ते कुठल्याच वर्गणीत मिळत नाही.

आणि हे सगळं मला एवढं का लागतं, तेही सांगते. पावसाळ्यात नाणेघाटात या. दरीतून येणारा वारा इतका जोरात असतो, की कड्यावरून पडणारं पाणी उलटं वर उडतं. डोळ्यांनी बघूनही विश्वास बसत नाही. आता तो फोटो टाकून बघा. खाली कमेंट येणार, ‘एआय आहे का?’ ‘मस्त एडिट भावा!’ खोटी आभाळं बघून बघून लोकांचा खऱ्यावरचाही विश्वास उडालाय. उद्या कुणी आपल्या गावच्या पुराचा, खाणीनं पोखरलेल्या डोंगराचा, आटलेल्या धरणाचा फोटो टाकेल, तेव्हाही हीच कमेंट येईल. तेव्हा त्या फोटोवर लोकांनी विश्वास ठेवायला हवा असेल, तर आज आपण टाकतो त्या साध्या सूर्यास्तापासून सुरुवात करावी लागेल.

आभाळ बदललंच, तर कॅप्शनमध्ये तसं लिहून टाका. दोन शब्दांचं काम आहे. लाज कसली?

सॉफ्टवेअर ठरवण्याआधी हे करा!

१. तुमचीच एक अवघड रॉ फाइल निवडा. आभाळ पांढरं, दरी काळी अशी.

२. दोन फुकट सॉफ्टवेअर टाका. एक कॅमेरा कंपनीचं, एक ओपन सोर्स. ती त्यांच्या मूळ वेबसाइटवरूनच घ्या.

३. तोच फोटो दोन्हीत अर्धा-अर्धा तास एडिट करा. ट्यूटोरियल न बघता.

४. दोन्ही फोटो लगेच कुठेही टाकू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर बघा. रात्री भारी वाटलेला हिरवा रंग सकाळी डोळ्यांत खुपतो!

५. तुमच्यासोबत ट्रेकला असलेल्या मित्राला किंवा मैत्रिणीला दाखवा. ‘असंच होतं ना तिथे?’ एवढंच विचारा. ज्या फोटोला ‘हो’ येईल, ते सॉफ्टवेअर वर्षभर वापरा. मधे बदलू नका.